मिरूग डिसेंबरात कसा? परिपाठाच्या फळ्यावरचे काही शब्द

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. परिपाठाआधी सातवीची मुलं फळ्यावर वार, तारीख, तिथी, नक्षत्र, दिनविशेष आणि ‘आजचं आकाश’ लिहितात. डिसेंबरात एका मुलीनं कॅलेंडर पाहून ‘नक्षत्र : मृग’ लिहिलं, तर वर्गातली पोरं म्हणाली, ‘मॅडम, मिरूग तर पेरणीच्या वेळी असते!’ काय सांगावं? दुसरं म्हणजे, पुण्यतिथी तारखेनं पाळत असतील तर तिला ‘तिथी’ म्हणणं बरोबर की ‘स्मृतिदिन’ लिहावं? आणि ‘निरभ्र’, ‘ढगाळ’ याशिवाय आपल्याकडचे शब्द फळ्यावर चालतील का?

तिवसा, जि. अमरावती

मॅडम, ती मुलगीही बरोबर आहे आणि पोरंही. नक्षत्रं तीच २७, पण त्यातून फिरणारे दोघं आहेत. चंद्र साधारण २७ दिवसांत फेरी मारतो, म्हणून त्याचं नक्षत्र रोज बदलतं. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेलं असतं ते हे. सूर्याला तीच फेरी मारायला वर्ष लागतं, त्यामुळं तो एकेका नक्षत्रात १३-१४ दिवस मुक्कामाला असतो. शेतकरी बोलतो ते सूर्याच्या नक्षत्राबद्दल. ‘रोहिण्या बरसल्या’, ‘मिरूग कोरडा गेला’, ‘न पडतील मघा तर वरती बघा’, हे सगळं सूर्याचं.

यातली एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. ज्या दिवसांत आपण मिरूग लागला म्हणतो, म्हणजे ७-८ जूननंतर, त्या दिवसांत मृगाच्या चांदण्या रात्री दिसतच नाहीत. सूर्यच तिथं असतो, मग त्याच्यासोबतच उगवतात नि मावळतात. त्याच चांदण्या डिसेंबरात जवळजवळ रात्रभर आभाळात असतात. रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेर पूर्वेकडं तोंड करून उभं राहायचं, एका ओळीतले तीन तारे लगेच सापडतात. तेच तिकांडं. मार्गशीर्षातल्या पुनवेला चंद्र याच मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, आणि महिन्याला नाव मिळालं ते त्यावरूनच. म्हणजे ‘डिसेंबरात मृग’ हे चूक तर नाहीच, डोळ्यांनी दिसणारा मृग खरा तेव्हाचाच.

म्हणून फळ्यावर ‘चंद्रनक्षत्र’ असं लिहा आणि जूनपासून स्वातीपर्यंत खाली वेगळी ओळ ठेवा, ‘पावसाचं नक्षत्र’. पंचांगात त्या नक्षत्राला जोडलेलं वाहन लिहायचं तर लिहा, बेडूक, म्हैस, कोल्हा मुलांना आवडतात. पण त्याला पावसाचा अंदाज समजू देऊ नका. शेजारी आदल्या दिवशी आपल्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पाऊस पडला तो आकडा लिहिला की मोसमाच्या शेवटी दोन्ही ओळी मुलंच ताडून पाहतील.

पेरणीचं हे जुनं नक्षत्र इंग्रजी तारखेला जवळजवळ चिकटून असतं, कारण दोन्हींचा हिशेब सूर्याचा. मिरूग दरसाल ७-८ जूनलाच. सण मात्र चंद्राचे, ते सरकतात. पोळा बघा : २०२३ ला १४ सप्टेंबर, कारण त्या साली श्रावणच अधिक होता, धोंड्याचा महिना. २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. ‘जुनं ते तिथीचं, नवं ते तारखेचं’ अशी विभागणी पुष्कळ जण करतात, ती शेतीत लागू पडत नाही.

आता पुण्यतिथी. ३० जानेवारीला आपण गांधीजींची पुण्यतिथीच म्हणतो, त्यात कोणाला काही खटकत नाही. शब्द रुळला, तारखेलाही चालतो. ‘स्मृतिदिन’ही चांगला आहे, पण त्यासाठी पुण्यतिथीला खोडायची गरज नाही. तारखेनं की तिथीनं, हे मात्र शेजारी लिहिलंच पाहिजे आणि आपल्या भागात तर फारच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंच घ्या. जन्म यावलीचा, ३० एप्रिल १९०९. तो आपण तारखेनं, ‘ग्रामजयंती’ म्हणून करतो. देह ठेवला ११ ऑक्टोबर १९६८ ला. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती आणि गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव त्या तिथीनंच होतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. माणूस एकच, जयंती तारखेची, पुण्यतिथी खरोखरच तिथीची. दिनविशेषाच्या छापील यादीवरून ११ ऑक्टोबरला ‘आज पुण्यतिथी’ एवढंच लिहिलं, तर ज्या मुलाच्या घरचे दरवर्षी मोझरीला जातात ते घरी जाऊन विचारणारच, की आज कशी?

गजानन महाराजांचा ‘प्रकट दिन’ तसाच. जन्माची नोंद नाही, म्हणून जयंती न म्हणता प्रकट दिन, हा शब्द फार नेमका आहे. शेगावात ते प्रथम दिसले २३ फेब्रुवारी १८७८ ला. पण पाळतात ती माघ वद्य सप्तमी. समाधीही ८ सप्टेंबर १९१० च्या तारखेनं न धरता ऋषिपंचमीला. आणि २३ फेब्रुवारीला फळ्यावर कोण? गाडगेबाबा, जन्म १८७६, शेंडगाव. ती जयंती तारखेचीच.

आमगाव, जि. गोंदिया

एक भर. आमच्याकडं छत्तीसगडचे सोयरे पुष्कळ. ते पोळ्याला ‘भादोची अमावस’ म्हणतात, आम्ही श्रावणाची. दिवस एकच. त्यांचा महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला, म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नाव एकानं पुढं असतं. माघ वद्य सप्तमी त्यांच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण सप्तमी असते.

बाळापूर, जि. अकोला

आमच्या इकडं ‘निरभ्र’ कोनी म्हनत नाई. आभाय आलं, आभाय फाकलं, झड लागली, उघाड पडली, दिवस बुडाला. ‘दिवस’ म्हंजे सूर्यच. हे लिवा ना मॅडम, पोरायले घरचं वाटते. अन् चंद्राले ‘खयं’ पडते तेही लिवा. माहा आजा म्हने, खयं जवय त पानी लंबा, खयं लंबा त पानी जवय.

तिवसा, जि. अमरावती

भाऊ, फार चांगलं आठवलं. ज्याच्यात बैल फिरतात ते खळं आणि चंद्राभोवतीचं खळं, दोन्ही गोल आणि मधे मोकळी जागा. तुमच्या आजोबांच्या बोलण्यात तथ्य आहे. लांबचं खळं उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या स्फटिकांमुळं पडतं आणि ते चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर असतं. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळजवळ तेवढंच अंतर भरतं. असे ढग कधीकधी येणाऱ्या पावसाच्या पुढं असतात. चंद्राला चिकटून दिसणारं रंगीत वलय पाण्याच्या बारीक थेंबांचं असतं, ते वेगळं.

मॅडम, घरचे शब्द लिहाच, सोबत मोजमापही ठेवा. हवामान खातं आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत ते नोंदवतं. ‘आभाळ आलं, आठापैकी सहा’ ही नोंद सातवीची मुलं रोज सहज करतील.

सूर्योदयाची वेळ लिहीत असाल, तर ती कोणत्या गावची ते पाहून घ्या. भिंतीवरच्या पुष्कळ कॅलेंडरांत मुंबईची असते. दारव्ह्याला दिवस सुमारे २० मिनिटं आधी निघतो, नागपूरला २५, आमगावकरांना त्याहूनही आधी. आणि सूर्योदयाला जी तिथी असेल तीच त्या दिवसाची धरतात. एखादी तिथी नेमकी या २० मिनिटांत संपली, तर मुंबईच्या कॅलेंडरात एक आणि तुमच्या गावच्या हिशेबानं दुसरी, असंही होतं. नागपूरच्या वेळेवर केलेलं पंचांग मिळालं तर फळ्यासाठी तेच ठेवा.