मदत हवी आहे: ग्रेट डेनच्या पोटाला पीळ पडू नये म्हणून आधीच ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आमच्याकडे मैना नावाची ग्रेट डेन कुत्री आहे. वय सव्वाचार वर्षं, वजन ५२ किलो. वाईजवळ गावात राहतो. तिचा सख्खा भाऊ शेरू, एकाच वेतातला, माझ्या चुलतभावाकडे होता. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो एका रात्रीत गेला.

शेरूचं आधी सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. काकूंकडे कुत्र्याला दिवसातून एकदाच, रात्री, पातेलंभर जेवण घालायची पद्धत. त्या दिवशीही साडेनऊला भात आणि चिकन खाल्लं त्याने, नेहमीसारखं दोन मिनिटांत. अकराच्या सुमारास अंगणात येरझारा सुरू झाल्या. बसायचा, लगेच उठायचा, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. ओकायला मान खाली घालायचा, पोटातून जोर लावायचा आणि बाहेर नुसता पांढरा फेस. काकूंनी ओव्याचं पाणी पाजलं. भावाने एका डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले गॅस धरला असेल, सकाळी आणा. मी एक वाजता पोचले तेव्हा बरगड्यांच्या मागे पोट टरटरून फुगलं होतं, टिचकी मारली तर नगाऱ्यासारखं वाजत होतं. हिरड्या पांढऱ्याफटक. जीपमध्ये घालून पुण्याकडे निघालो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवरच होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हा जठराचा पीळ. जठरात वायू भरून ते फुगतं आणि मग स्वतःभोवती फिरतं. अन्ननलिकेकडची वाट बंद, आतड्याकडचीही बंद, म्हणून उमासे येतात पण पडत काही नाही. फुगलेल्या जठराखाली मोठी शीर दाबली जाते, हृदयाकडे रक्त परत येत नाही, आणि जनावर बघता बघता खचतं. ऑपरेशन करून पीळ सोडवणं एवढाच उपाय, तोही काही तासांच्या आत. खोल, अरुंद छातीच्या मोठ्या जातींना हा धोका असतो आणि त्यात ग्रेट डेनचं नाव सगळ्यांत वर. आईबापाला किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल तर आणखी जास्त. हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून मला धड झोप नाही. रात्री दोनदा उठून मैनाच्या पोटावर हात ठेवून येते.

त्यांनीच पेक्सीबद्दल सांगितलं. जठराची भिंत उजव्या बाजूला पोटाच्या आतल्या भिंतीला टाके घालून कायमची जोडून टाकतात, म्हणजे ते फिरू शकत नाही. मैनाची नसबंदी करायचीच होती, एकाच भुलीत दोन्ही होईल. मी लगेच हो म्हटलं.

पण भुलीच्या आधीच्या तपासणीत तिच्या हृदयाचा ठोका मध्येच चुकतो असं आढळलं. ईसीजीतही जादा ठोके दिसले. आता टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलाय. ग्रेट डेनमध्ये हृदयाचे स्नायू पातळ पडून हृदय पसरायचा आजार बराच दिसतो म्हणे. तिला धाप लागत नाही, खोकला नाही, भूक चांगली आहे. आमच्या इथले दुसरे एक डॉक्टर म्हणतात, धडधाकट जनावराचं पोट कशाला फाडता. आबाही (माझे वडील, वय ७४) तेच म्हणतात. त्यांचं स्वतःचं बायपास झाल्यापासून भूल म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि मैना तर दिवसभर त्यांच्या पायाशी असते. "तिला मी सुरी लावू देणार नाही" म्हणाले आणि उठून गेले.

या जातीचं आयुष्य मुळात सात ते दहा वर्षं. गिनीजमध्ये सगळ्यांत उंच कुत्रा म्हणून नोंदलेला मिशिगनचा झ्यूस, उंची ४४ इंच, तो २०१४ साली पाचव्या वर्षीच गेला. हे वाचलं तेव्हा मैनाचं वय मोजलं आणि रडू आलं.

तर मला एवढंच विचारायचंय. ठोका चुकत असताना पेक्सीसाठी भूल देणं शहाणपणाचं आहे का? कुणी आपल्या कुत्र्याची केली आहे का, पुढे काय अनुभव? आणखी दोन गोष्टी. मैना उंच म्हणून सुताराकडून तिच्या भांड्यासाठी लाकडी स्टूल करून घेतलं होतं, आता वाचते की उंचावरून खाल्ल्याने पोट जास्त फुगतं. आणि ब्रीडरने सुरुवातीपासून ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं खाणं द्यायला सांगितलं, पाकिटावर पहिल्या काही नावांत वाटाणा आणि मसूर आहे. याचा हृदयाशी काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १

ताई, शेरूबद्दल वाचून फार वाईट वाटलं. मी पशुवैद्यक आहे, कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं करतो. तपासल्याशिवाय मैनाबद्दल ठाम सांगणार नाही, पण क्रम कसा लावायचा ते सांगतो.

आधी इको. जादा ठोके पडले म्हणजे हृदय पसरलंच असं नाही. इकोत डावा कप्पा केवढा आहे आणि तो किती जोराने आकुंचन पावतो ते कळेल. सोबत चोवीस तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) जमला तर जरूर लावा. दवाखान्यातला ईसीजी दोन-पाच मिनिटांचा असतो, तेवढ्यात सापडलं नाही म्हणजे नाही असं होत नाही. डेनमध्ये बऱ्याचदा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल फडफड, ही या आजाराची पहिली खूण असते. कुत्रा तेव्हा अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून धाप नाही, खोकला नाही यावर विसंबू नका.

हृदय चांगलं आकुंचन पावत असेल तर नीट देखरेखीखाली भूल देता येते, रोज देतो आम्ही. कमजोर निघालं तर घाई नाही, आधी पिमोबेंडनसारखी औषधं सुरू करायची आणि हृदयाचं बघणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पण आबांना एक गोष्ट समजावून सांगा. आज शांतपणे, सगळी तयारी करून दिलेली भूल वेगळी आणि मध्यरात्री पोट पिळवटलेल्या, रक्तदाब घसरलेल्या कुत्रीला दिलेली भूल वेगळी. दुसरी कितीतरी घातक. सख्खा भाऊ पिळाने गेलाय, तेव्हा "धडधाकट जनावर" हा मुद्दा मैनाला लागू होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पेक्सीने पोट फुगणं थांबत नाही, पीळ पडणं थांबतं. पेक्सी झालेली कुत्रीही फुगली तर दवाखान्यात न्यावीच लागते, पण हातात वेळ असतो. नसबंदी सोबत करा. न केलेल्या कुत्रीला वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तोही जिवावरचा. माजावर नुकतीच येऊन गेली असेल तर साधारण तीन महिने थांबा.

स्टूल काढून टाका. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने मोठ्या जातींवर केलेल्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्यांत हा आजार जास्त दिसला होता. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, पण स्टुलाचा या बाबतीत फायदा कुणी दाखवलेला नाही. दिवसाचं खाणं तीन वेळांत वाटा, सावकाश खाऊ द्या, खाल्ल्यावर तास-दोन तास धावपळ नको.

खाण्याचं पाकीट मात्र आजच बदलायला घ्या, आठवडाभरात हळूहळू जुनं कमी करत. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर असलेली कुत्र्यांची खाणी आणि हृदय पसरणं यांचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण काही कुत्र्यांची हृदयं खाणं बदलल्यावर आणि औषधांवर सुधारली. इको करणाऱ्या डॉक्टरांना ते पाकीट दाखवा.

आणि पुन्हा कधी कुठल्याही कुत्र्याला रिकामे उमासे येत असतील, पोट ताणलं असेल, तर ओवा, सोडा, तेल, काहीही तोंडातून देऊ नका. गाडी काढा आणि निघतानाच फोन करून विचारा की रात्री ऑपरेशन होतं का. होत नसेल तिथे थांबून उपयोग नाही. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या वाटेवर आहे, तिथे आणि पुण्यात रात्री कोण बघतं ते आजच विचारून ठेवा.

प्रतिसाद २

मी म्हापशाहून लिहितोय. आमच्या ब्रूनोची, तोही डेन, दुसऱ्या वर्षी पेक्सी केली होती. दहा दिवस त्रास, मग विसरून गेलो. पुढे दोनदा पोट फुगलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी नळीने हवा काढली आणि संध्याकाळी घरी आला. तेव्हा करून घ्याच असं सांगेन.

एक वेगळी गोष्ट मात्र लिहावीशी वाटते. सातव्या वर्षी तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. मनगटाच्या जरा वर लिंबाएवढी सूज. आम्हाला वाटलं मुरगळला, कारण आदल्याच दिवशी पायरीवरून घसरला होता. महिनाभर रोज रात्री कोमट खोबरेल लावून चोळत बसायचो, तो शांतपणे पाय पुढे करायचा. एक्स-रे काढला तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला, ऑस्टिओसार्कोमा, आणि छातीच्या एक्स-रेत फुप्फुसात गाठी. पाय काढायचा विचार सोडून दिला, दुखणं कमी राहील एवढं बघितलं. आणखी तीन महिने होता. मोठ्या जातींत हा कॅन्सर बऱ्यापैकी दिसतो, मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या वर-खाली. २०२३ मध्ये टेक्सासचा दुसरा एक झ्यूस, तोही गिनीजमधला, हाडाच्या कॅन्सरनंतरच गेला, तिसऱ्या वर्षी. मैना कधी लंगडली आणि दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा. मला ते चोळणं अजून आठवतं.

वजनही वाढू देऊ नका. लॅब्रेडॉरवर एक जुना अभ्यास आहे, ४८ कुत्री, जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांधेही उशिरा धरले. ब्रूनोच्या बरगड्या हाताला लागायच्या म्हणून सासूबाई बोलायच्या, पण डॉक्टर म्हणायचे असंच ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद छापून आबांना वाचायला दिला. चष्मा लावून दोनदा वाचला, बोलले काहीच नाहीत.

मंगळवारी पुण्यात इको झाला. मैना तीस मिनिटं कुशीवर पडून होती, मी तिचा कान धरून बसले होते. कप्पे मापात आहेत, आकुंचन चांगलं आहे. होल्टरचं यंत्र जॅकेटमध्ये बांधून घरी आणलं, त्यात दिवसभरात मोजकेच जादा ठोके आले, फिब्रिलेशन नाही. डॉक्टर म्हणाले भूल द्यायला हरकत नाही, पण दरवर्षी इको करायचा, विसरायचं नाही. पाकीटही बघितलं आणि बदलायलाच सांगितलं. नोव्हेंबरात ती माजावर होती, म्हणून ऑपरेशन फेब्रुवारीच्या शेवटी ठरलं आहे.

स्टूल भांड्याखालून काढलं. आता त्याच्यावर आबा बसतात. मैनाचं खाणं तीन वेळा तेच घालतात, परातीत पसरून, थोडं थोडं, आणि ती घाई करायला लागली की परात मागे ओढतात. काल म्हणाले, फेब्रुवारीत मी पण येणार गाडीत, पण दवाखान्याच्या आत येणार नाही, बाहेर थांबेन. चुलतभावानेही शिरवळचा आणि पुण्याच्या दोन दवाखान्यांचे नंबर जीपच्या काचेवर आतून चिकटवले आहेत, त्याच्याकडे आता कुत्रा नसला तरी.

अजून एक मदत हवी आहे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची टोपी इथे एवढ्या मोठ्या मानेची मिळत नाही. वाई, सातारा, शिरवळ सगळीकडे विचारून झालं. मैनाच्या मानेचा घेर २१ इंच आहे. कुणाकडे वापरून ठेवलेली असेल किंवा पुण्यात मिळायचं दुकान माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन. आणि आमच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. दहा-बारा दिवस तिला त्या चढू द्यायच्या नाहीत म्हणे. ५२ किलोची कुत्री तुम्ही कशी थांबवलीत, तेही कुणी लिहिलंत तर बरं होईल.