मेडिकल बोर्ड म्हणतं कान नोकरीमुळं गेले नाहीत, हे खोडता येतं का?

औशाची_लेक
नमस्कार सगळ्यांना. माझे मिस्टर तोफखान्यात होते, २० वर्षं सर्व्हिस करून २०१९ ला हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यातली बरीच वर्षं बोफोर्स तोफेवर. निघताना मेडिकल बोर्ड झालं तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे डॉक्टरांनी मान्य केलं, अपंगत्व २० टक्के, कायमचं, असं पण लिहिलं. आणि शेवटी एक ओळ मारली की हे नोकरीमुळं झालेलं नाही आणि नोकरीनं वाढलेलं पण नाही. कारण काय तर त्रास सुरू झाला तेव्हा पोस्टिंग पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी होती. अपंगत्व पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झाला, यांनी तो कागद पेटीत टाकला तो टाकलाच. म्हणतात डॉक्टर आपल्यापेक्षा शिकलेले, त्यांच्याशी काय वाद घालायचा.

घरात कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ बुडाला लागते आणि हे चार हातांवर बसलेले असतात, पत्ताच नाही. पोरगी शाळेतून येऊन काही सांगायला लागली की हे नुसते तिच्या ओठांकडं बघतात. भरतीला कान ठणठणीत होते, मग हे आलं कुठून? लई उशीर झालाय का?

नांदेडचा_फौजी
ताई, उशीर झालाय पण दार बंद नाही. पहिलं म्हणजे डॉक्टरशी भांडायचंय हे डोक्यातून काढा. २० टक्के लिहिलंय ते तुमच्याच बाजूचं आहे, कारण २० च्या खाली असतं तर पेन्शनच बसली नसती. त्याला हात लावू नका. भांडण त्या शेवटच्या ओळीशी. सुप्रीम कोर्टानं २०१३ ला धर्मवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसंल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, पुढं तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळं, आणि नाही म्हणायचं असंल तर बोर्डानं कारणं लिहायची. सिद्ध करत बसायचं ओझं जवानावर नाही.

आन पीस स्टेशन हे काय कारण झालं का हो? पीसमध्ये तोफा गप बसतात का? मी पण तोफखान्यातलाच, आम्हाला पीसमधूनच राजस्थानात महाजनच्या रेंजवर न्यायचे, दिवसभर फायरिंग, कानात कापसाचे बोळे, आणि रात्री लंगरमध्ये शेजारचा काय म्हणतो ते समजायचं नाही. हे बोर्डाला कुणी विचारायचं?

परभणी_कोर्टवाला
वरच्या भाऊंचं बरोबर आहे. आता कामाचं. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका, बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग आणि भरतीच्या मेडिकलची कॉपी दोन्ही मागा, एकच मागू नका, खरा पुरावा भरतीच्या कागदात आहे. पहिल्या अपिलाची मुदत सहा महिन्यांची, ती गेलीय, म्हणून अपिलात उशिराचं कारण जे खरं आहे तेच लिहा. तिथं नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींच्या केसेसचं कोर्ट, मुंबईचं बेंच. मिळालं तरी थकबाकी बहुतेक वेळा केस टाकायच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात (सुप्रीम कोर्टाची तरसेम सिंग केस, २००८), म्हणजे जितके महिने पेटीत कागद ठेवाल तितके गेले. २०२३ च्या सप्टेंबरात नियम बदललेत पण ते त्यानंतर निघालेल्यांना, तुमचं जुन्या नियमात बसतं.

पैशाचं पण सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के पेन्शन, म्हणजे २० टक्क्यांना ६. पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं असतं, आणि मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही ते लागू आहे हे राम अवतार केसमध्ये २०१४ ला ठरलंय. म्हणजे ६ चे थेट १५ होतात.

कानाची_सिस्टर
ताई मी कान-नाक-घसा विभागात काम करते म्हणून एकच सांगते. जुने ऑडिओमेट्रीचे, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे कागद शोधा, ग्राफ असतो तो. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची रेघ बहुतेक ४००० हर्ट्झजवळ खाली खड्ड्यात जाते आणि ८००० ला परत थोडी वर येते. वयानं गेलेल्या कानाची रेघ अशी वर येत नाही, ती उतरतच जाते. बारीक, उंच आवाज आधी जातात, कुकरची शिट्टी, लेकराचं बोलणं, हे तुम्ही लिहिलंय ते वाचूनच माझ्या डोक्यात आलं. ग्राफ सापडला तर अपिलाला जोडा आणि आत्ताची तपासणी पण करून घ्या.

औशाची_लेक
सगळ्यांचे लई उपकार. काल रात्री पेटी उपसली. दोन ग्राफ निघाले, एक २०११ चा, एक २०१६ चा. पहिल्यात रेघ जवळजवळ सरळ. दुसऱ्यात ४००० च्या आकड्याखाली दोन्ही कानांचा खड्डा, सिस्टर म्हणाल्या तस्साच, ८००० ला थोडी वर. यांच्यासमोर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, लई वेळ बघत बसले, मग पहिल्यांदाच म्हणाले की त्या पाच वर्षांत तीनदा रेंजला गेलो होतो, तारखा डायरीत असतील. डायरी सापडलीय. सोमवारी लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघं जातोय, माहिती अधिकाराचा अर्ज पण लिहून ठेवलाय. भाऊ, रेंजच्या तारखा अर्जात आत्ताच घालू का अपिलात?

परभणी_कोर्टवाला
अपिलात. अर्जात फक्त कागद मागा. डायरीच्या त्या पानांच्या झेरॉक्स काढा, मूळ डायरी कुणाच्याच हातात देऊ नका.