मदत हवी आहे: गेंड्या भुंग्याच्या अळीची खात्रीची खूण कोणती?

नमस्कार मंडळी. कोकणातल्या नारळ बागायतदारांसाठी ओरिक्टिस या प्रजातीची (genus) मराठी ओळखपत्रिका तयार करतोय. आपला गेंड्या भुंगा, म्हणजे नारळावरची कीड ओरिक्टिस ऱ्हिनोसेरॉस, याच प्रजातीतला. कुल स्कॅरॅबिडी, उपकुल डायनॅस्टिनी. स्वीडिश वर्गीकरणतज्ज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याला स्कॅरॅबियस प्रजातीत ठेवलं होतं.

प्रौढ भुंग्याचं बरंचसं जमलंय. शिंगावर विसंबून चालत नाही, कारण शेणकिड्यांच्या नरांनाही शिंग असतं आणि लोक त्यांनाच गेंड्या समजून मारतात. हे बिचारे शेण जमिनीत गाडून माती सुधारतात, म्हणून मला याची फार काळजी वाटते. शेणकिड्याचं डोकं पुढे फावड्यासारखं पसरट असतं, जबडे त्याखाली झाकलेले. ओरिक्टिसचे जबडे वरून दिसतात, पंखांच्या मुळाशी मधोमध त्रिकोणी तुकडा स्पष्ट दिसतो आणि मागच्या नडगीच्या टोकाला दोन काटे असतात, शेणकिड्याला एकच. नर-मादीही कळतात: मादीचं शिंग सहसा आखूड, पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका.

अडलंय ते अळीपाशी. शेणखताच्या खड्ड्यात गेंड्याच्या आणि हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या दुसऱ्या भुंग्यांच्या) अळ्या, दोन्ही इंग्रजी सी आकाराच्या, पांढुरक्या. गुदद्वाराजवळच्या केसांची मांडणी बघायची हे माहीत आहे, पण साध्या दहापट भिंगाने शेतकऱ्याला ती नीट दिसेल का? डोक्याच्या कवचाचा रंग किंवा खडबडीतपणा पुरेसा ठरेल का? कुणाकडे दोन्ही अळ्यांचे जवळून काढलेले फोटो असतील तर कृपया द्या. पावसाळ्याआधी पत्रिका छापायची आहे.