मदत हवी आहे: ॲव्होकाडो डेव्हिल्ड एग्जचं सारण पातळ, कडू आणि काळं (उद्याच पाहिजे!)

मांजलपूरकर | शनिवार, दुपारी ३:५२

उद्या रात्री आमच्याकडे पंधरा जण आहेत. पुढच्या आठवड्यात श्रावण लागतोय, म्हणजे हा शेवटचाच रविवार. 'स्टार्टरचं माझ्यावर सोडा, ॲव्होकाडो डेव्हिल्ड एग्ज करतो' असं ग्रुपवर लिहून बसलोय. (म्हणजे उकडलेली अंडी अर्धी कापायची आणि बलक ॲव्होकाडोत कालवून परत त्यातच भरायचा.) आज थोडी करून बघितली तर सारण भज्यांच्या पिठासारखं पातळ. चव कडवट. फ्रीजमध्ये ठेवलं तर तासाभरात वरून चॉकलेटी. अंडी सोलताना पांढऱ्याचे लचके निघाले ते वेगळंच.

सगळं रेसिपीप्रमाणेच घेतलंय. गडबड कुठे होतेय? लवकर सांगा, सामानाला सहापर्यंत निघायचंय. 'त्यापेक्षा अंडा करी करा' असले सल्ले कृपया नकोत.

निशिगंधा | ४:०१

कुठली रेसिपी? किती अंड्यांना किती ॲव्होकाडो? लिंबू किती? मेयो कुठलं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खादाड_बोका | ४:०३

अंडा करी नको म्हणालात म्हणून ती सांगत नाही. अंडा घोटाळा करा. लारीवर (हातगाडीवर) करतात तसा, बटर सढळ हातानं. पंधरा जण पावानं ताटल्या पुसून खातील.

तिरका_चष्मा | ४:०६

गटारी? बडोद्यात? कोरडीच ना? ;)

मांजलपूरकर | ४:०९

ताकावरची गटारी आहे. आता विषयावर या.

@निशिगंधा, रेसिपी नेहमीचीच. अंडी, ॲव्होकाडो, मेयो, मोहरी, लिंबू, मीठ, मिरपूड. सगळं एकत्र फिरवलं आणि भरलं.

निशिगंधा | ४:१२

नेहमीची म्हणजे कोणाकडची नेहमीची? :) फिरवलं म्हणजे मिक्सरला? आणि मोहरी बाटलीतली की फोडणीच्या डब्यातली?

मांजलपूरकर | ४:१५

मिक्सरलाच, चटणीच्या भांड्यात. बाटलीतली मोहरी संपली होती म्हणून डब्यातलीच पाणी घालून वाटली. मोहरी ती मोहरी, त्यानं काय होतंय?

कासुंदी_आजी | ४:२१

काय होतंय म्हणजे? सापडला की चोर! काळी मोहरी सालासकट वाटली की ताजी असताना कडूच लागते. लोणच्यात ती मुरते, म्हणून तिथे कळत नाही. खंडेराव मार्केटात मसालेवाल्यांकडे राईच्या कुरिया मागा, मेथिया मसाल्याला घालतात त्या. साल काढलेली असते. चमचाभर कुरिया गार पाण्यात भिजवून वाटायच्या, दहा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि लिंबू शेवटी. आधीच लिंबू पिळलंत तर झणका उठत नाही.

प्रयोगशाळा | ४:२७

आजी, मोहरीचा दोष असेल, पण माझा संशय फळावर. मांजलपूरकर, साल कोणत्या रंगाची होती? दाबल्यावर दबत होती का?

मांजलपूरकर | ४:३०

हिरवी. ॲव्होकाडो हिरवाच असतो ना?

प्रयोगशाळा | ४:३१

दरवेळी नाही. खडबडीत की गुळगुळीत? केवढा होता?

मांजलपूरकर | ४:३४

गुळगुळीत, चकचकीत. एकच घेतला, अर्ध्या किलोच्या आसपास भरला. सहा अंड्यांना एक असं रेसिपीत होतं. फळवाला म्हणाला आजच कापा, पण तसा घट्टच होता.

बंगळूरवासी_बडोदेकर | ४:४५

अर्धा किलो वाचलं आणि उलगडा झाला. तो दक्षिणेतला बटर फ्रूट आहे. कूर्ग, वायनाड, कोडाईकनाल या भागांत पिकतो, पावसाळ्यात त्याचा हंगाम असतो. इथे बंगळुरात आम्ही त्याचा दूध-साखर घालून ज्यूस करतो आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण परदेशी रेसिपीत नुसतं 'एक ॲव्होकाडो' लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हास जात धरलेली असते. ती लहान, दोनशे ग्रॅमच्या आसपासची, साल खडबडीत आणि पिकल्यावर जांभळट काळी.

खरा फरक आहे तेलात. हासच्या गरात साधारण १५ ते २० टक्के तेल निघतं. या मोठ्या हिरव्या जातींत बरेचदा त्याच्या निम्मंसुद्धा नसतं, बाकी पाणी. म्हणजे तुम्ही गर घातलात दुपटीहून जास्त, तोही पाणचट, त्यावर मोहरीचं पाणी, त्यावर लिंबू. सारण आळून येणार कसं? शिवाय फळ घट्ट होतं म्हणताय, म्हणजे कडवटपणात त्याचाही वाटा असणार.

काळं पडण्याचं कारण वांग्याच्या फोडी काळ्या पडतात तेच. कापल्यावर गरातल्या एन्झाइमला हवा मिळते. मिक्सरनं तुम्ही ती हवा सारणाच्या पोटात नेऊन घातलीत. फ्रीजमध्ये ते मंदावतं, थांबत नाही. काट्यानं कुस्करा, लिंबू लगेच पिळा आणि प्लास्टिकचा कागद थेट सारणाच्या अंगाला चिकटवा, वाटीच्या तोंडावर नुसता ताणू नका. आणि कोणी बी सारणात ठेवायला सांगितली तर ऐकू नका. ती टेकते तेवढाच भाग हिरवा राहतो.

कासुंदी_आजी | ४:४९

फळ पाणचट असेल हो. कडू मोहरीच.

मांजलपूरकर | ४:५१

म्हणजे हास शोधायचा. बडोद्यात कुठे? कच्चा मिळाला तर रात्रीत पिकवता येईल का? मायक्रोवेव्ह आहे.

बंगळूरवासी_बडोदेकर | ४:५५

मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतो, पिकत नाही, आणि गरम केला की कडवट होतो. केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवला तरी टणक फळाला दोनतीन दिवस सहज जातात. पिकलेलाच घ्या. देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबा. किंचित दबला पाहिजे, अंगठा आत जाता कामा नये.

फतेहगंजवाली | ४:५८

अलकापुरीत किवी, ब्लूबेरी, ड्रॅगन फ्रूट (गुजरात सरकारच्या लेखी २०२१ पासून कमलम) ठेवणारे फळवाले आहेत, तिथे विचारा. निघायच्या आधी फोन करा, शनिवार आहे.

शुद्ध_सात्त्विक | ५:०४

आमच्याकडे अंडी चालत नाहीत. मी बटाटे उकडून अर्धे करते, मधून कोरते आणि त्यात पनीर, हळद, काळं मीठ घालून भरते. काळ्या मिठानं अंड्याचा वास येतो, कोणाला सांगून खरं वाटत नाही. जैन पाहुणे असतील तर बटाट्याच्या जागी कच्ची केळी.

तिरका_चष्मा | ५:०६

अंड्यांच्या धाग्यावर कच्ची केळी. चालू द्या.

दोन_बलक | ५:१०

अंडी सोलण्याबद्दल कोणी बोलतच नाहीये. अंडी कधीची होती?

मांजलपूरकर | ५:१२

आज सकाळचीच! वाघोडिया रोडला एका पोल्ट्रीवर जाऊन मुद्दाम ताजी आणली.

दोन_बलक | ५:१९

मग लचके निघणारच. ताज्या अंड्यातला पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला धरून बसतो. अंडं राहतं तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढऱ्याचा पीएच वाढून ९ च्या पुढे सरकतो आणि पापुद्रा सुटा होतो. ऑम्लेटला ताजी, उकडायला आठवडाभराची. कोपऱ्यावरच्या दुकानातला जुना ट्रे मागा, तोही खूश होईल.

दुसरं, गार पाण्यात अंडी ठेवून गॅस लावू नका. पाणी खळखळ उकळू द्या, मग झाऱ्यानं एकेक सोडा.

कासुंदी_आजी | ५:२२

एवढं कशाला? पाण्यात चमचाभर सोडा आणि चमचाभर मीठ. सालं गळून पडतात.

दोन_बलक | ५:२४

सोड्यानं थोडा फरक पडतो, पण पांढऱ्याला वास येतो. मिठाचा सोलण्याशी संबंध नाही. अंडं तडकलं तर बाहेर आलेला पांढरा लवकर गोठतो, एवढंच त्याचं काम.

कासुंदी_आजी | ५:२६

आमच्या घरी कोणाला कधी वास आला नाही. लग्नाआधीपासून उकडतेय मी अंडी.

फतेहगंजवाली | ५:२८

दोघेही ढोकळ्याचा कुकर काढा. पाणी उकळलं की अंडी ताटलीत, झाकण, १२ मिनिटं वाफ आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. अख्खी निघतात.

निशिगंधा | ५:३०

वाफेला +१. त्याहून फार जास्त ठेवू नका, नाहीतर बलकाभोवती हिरवट करडं कडं येतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा तो कारभार. खायला काही होत नाही, पण हिरव्या सारणाशेजारी कळकट दिसतं.

मांजलपूरकर | ५:३३

आईचा ढोकळ्याचा कुकर अंड्यांना मिळणार नाही. आमच्याकडे अंड्यांचं पातेलं वेगळं, ते मागच्या गॅलरीत, शेगडीही तिथेच. छोटं इंडक्शन आहे.

निशिगंधा | ५:३५

हे तिसऱ्या ओळीत लिहायचं होतं ना राव! बरं, मग पाण्यातच उकडा. छोट्या इंडक्शनवर एकदम अठरा अंडी सोडलीत तर पाण्याची उकळी बसते आणि वेळेचं गणित चुकतं. सहा-सहाचे घाणे काढा, ११-१२ मिनिटं. मेयोचं अजून सांगितलं नाहीत.

मांजलपूरकर | ५:३८

व्हेज मेयो. आमच्या दुकानात तेवढंच मिळतं. गोडसर आहे.

खादाड_बोका | ५:४१

मेयो फेकून द्या आणि डेअरीतून चक्का आणा. मी गंभीरपणे सांगतोय. आंबटपणा येतो, सारण उभं राहतं आणि ते गोड प्रकरण टळतं. उरलेल्या चक्क्याचं श्रीखंड.

प्रयोगशाळा | ५:४३

चक्क्यानं रंग फिका पडेल. चांगल्या हासला मेयोही नको आणि चक्काही नको, त्याचं स्वतःचं तेल पुरतं.

खादाड_बोका | ५:४४

चांगला हास मिळाला तर. शनिवारी संध्याकाळी. बडोद्यात.

निशिगंधा | ५:५०

मांजलपूरकर, तुम्ही आता निघा. हे लिहून घ्या: १८ अंडी (तीन फुटतील असं धरून), पिकलेले हास ३, लिंबं २, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, चक्का पाव किलो. हास मिळाला नाही तर बटर फ्रूटच घ्या, पण मऊ झालेला, आणि गर मोजून. अठरा बलकांना दीड वाटीच्या वर नको, बाकी चक्का. बलक आधी कोरडेच चाळणीवर घासा, मग त्यात गर कालवा. सारण घट्ट राहतं आणि गुठळी राहत नाही.

सगळं आदल्या दिवशी करू नका. अंडी आज रात्री उकडून, सोलून, झाकून फ्रीजमध्ये. ॲव्होकाडो उद्या पाहुणे यायच्या तासभर आधी कापायचा. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा कापून, तिनं भरा.

मांजलपूरकर | ५:५३

चाळणीही वेगळी घ्यावी लागणार. निघालो.

बंगळूरवासी_बडोदेकर | ५:५८

एक राहिलं. बसणार कुठे, गच्चीवर? फ्रीजबाहेर दोन तासांच्या आत संपली पाहिजेत, उकाडा फार असेल तर तासाभरात. ताट बर्फावर ठेवा आणि थोडी थोडी बाहेर काढा.

अंड्यातला_माणूस | ७:१५

चर्चा छान, पण देशी अंड्यांचा विषयच निघाला नाही. पांढऱ्या पोल्ट्रीच्या अंड्यांत काय जीव असतो? बलक बघा, फिकट पिवळा.

दोन_बलक | ७:२१

बलकाचा रंग कोंबडी काय खाते त्यावर ठरतो. पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या, हिरवा पाला दिला की पोल्ट्रीतल्या कोंबडीचाही बलक केशरी होतो. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

अंड्यातला_माणूस | ७:२४

चव पण खाण्यावरच का?

दोन_बलक | ७:२५

वेगळा धागा.

मांजलपूरकर | शनिवार, रात्री ९:४०

अलकापुरीत हास दोनच मिळाले, पिकलेले. तिसरा टणक होता, नाही घेतला. भाव विचारू नका. कुरियाही आणल्या. अंडी सोललीत, १८ पैकी १६ अख्खी. चक्का बघून आईनं विचारलं श्रीखंड कोणासाठी, तिला अजून सांगितलेलं नाही.

दोन हासना चक्का किती?

निशिगंधा | ९:४६

सोळा बलकांना चार मोठे चमचे घालून बघा, मग चव घेऊन वाढवा. लिंबू एकच. कुरियांची मोहरी एक चहाचा चमचा, त्यावर नको.

कासुंदी_आजी | ९:५२

दोन चमचे घाला. पंधरा माणसं आहेत.

मांजलपूरकर | रविवार, रात्री ११:३०

संपली. घट्ट झालं होतं, हिरवं राहिलं, कडू अजिबात नाही. मोहरी दीड चमचा घातली, दोघींचा मान राखला. फोटो काढायचा राहिला. आईनं एक खाल्लं नाही, पण सारण चमच्यानं चाखून 'मीठ कमी आहे' म्हणाली आणि ते खरं होतं. सगळ्यांचे आभार, खादाड_बोक्याचे जास्त.

खादाड_बोका | ११:४१

उरलेल्या चक्क्याचं काय केलंत ते लिहा.

शुद्ध_सात्त्विक | सोमवार, सकाळी ८:२०

श्रावणात बटाट्याची करून बघा.

कुंडीतली_बाग | सोमवार, दुपारी १:०५

धागा आत्ता पाहिला. मांजलपूरकर, बिया टाकल्या नाहीत ना? कुंडीत लावल्या तर बडोद्याच्या उन्हात येतील का?

बंगळूरवासी_बडोदेकर | १:३२

रोप येईल. टोकदार बाजू वर, निम्मी बी मातीबाहेर, पहिला उन्हाळा सावलीत. फळासाठी मात्र बरीच वर्षं थांबावं लागतं आणि तेही हाससारखंच येईल याचा भरवसा नाही, म्हणून बागाईतदार कलमं लावतात. कुंडी केवढी आहे?