पाळी गेल्यानंतरची चिडचिड आणि सुटलेलं पोट: आधी ताट बदलायचं की हार्मोन घ्यायचे?

रानजाई:
वय ५१, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या आगेमागची वर्षं फार वाईट गेली, कारण नसताना रडू यायचं, लेकीवर वसकन ओरडायचे आणि मग तेच आठवत रात्रभर जागी, वजन सात किलो वाढलं ते सगळं पोटावर. तेव्हा माझे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी असे उपास असायचे. एकदा दिवसभराचं खाणं कागदावर लिहून काढलं तर चार कप चहा आणि साबुदाण्याची खिचडी, प्रोटीन म्हणावं तर त्यातलं दाण्याचं कूट तेवढंच. उपास सोडले, सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर उसळ, रात्री नाचणीची भाकरी नि पिठलं सुरू केलं, सहा महिन्यांत चिडचिड निम्म्यावर आली. बायकांनी आधी ताट सुधारावं, हार्मोनच्या नादी लागू नये, त्याने कॅन्सर होतो हे सगळ्यांना माहितेय.

दुपारचा_चहा:
ताई तुम्हाला बरं वाटलं याचा आनंदच आहे, पण शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. ही भीती आली २००२ सालच्या अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. एस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर शरीरात कमी होणारं बायकांचं हार्मोन) आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दोन्ही घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या केसेस वर्षाला १०,००० बायकांमागे ३० च्या जागी ३८ दिसल्या. धोका आहे, नाही म्हणत नाही, पण केवढा आहे ते तरी सांगा ना. माझी बहीण कडधान्यं, ताक, रोजचं चालणं सगळं व्यवस्थित करायची तरी रात्रीतून तीनदा घामाने गाऊन भिजायचा, उठून बदलायची, उशीखाली नॅपकिन घेऊन झोपायची. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग एस्ट्रोजेन कमी झालं की बिथरतो, तो उसळ खाऊन जागेवर येत नाही, आणि झोप नाही तर मूड कुठून चांगला राहणार? तिला जो तो सांगायचा आहार सांभाळ, म्हणजे चूक तिचीच. शेवटी गायनॅकने मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून हाताला चोळायचं एस्ट्रोजेनचं जेल आणि रात्रीची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली तेव्हा कुठे महिन्याभरात सलग झोपायला लागली.

आणि अजून एक, मूड सगळ्यात जास्त बिघडतो तो पाळी मागेपुढे होत असते त्या काळात, कारण हार्मोन वरखाली होत असतात. नंतर ते खालीच स्थिर होतात. मग तुम्हाला गुण अंड्यांनी आला की तो काळ सरला म्हणून आला, कसं ठरवणार?

घाटावरचा:
मेटाबॉलिझम मंदावतं एवढी साधी गोष्ट आहे. आमच्या मिसेसनी रात्रीचं जेवण बंद केलं, वजन उतरलं.

भाकरी_पिठलं:
दादा मी डाएटिशियन आहे, हे ऐकून काळजी वाटली म्हणून लिहिते. २०२१ मध्ये सायन्स मासिकात ६,४०० च्या वर माणसांवरचा अभ्यास आला, त्यात शरीराच्या वजन-स्नायूंचा हिशोब धरला तर २० ते ६० वयात कॅलरी खर्च जवळपास सारखाच निघाला. एस्ट्रोजेन गेल्यावर बदलतं ते हे की चरबी मांड्या-नितंबांवरून पोटात सरकते, इन्सुलिन नीट काम करत नाही, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, स्नायू आणि हाडं झिजतात. अशात जेवणच तोडलं तर उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम प्रोटीन तरी हवं, वाटीभर उसळीत सात-आठ ग्रॅमच मिळतं. वहिनींना जेवू द्या आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावा.

रानजाई:
मूडचा काळ सरला असेल, हे मला सुचलं नव्हतं. पण आमच्या तालुक्याला मॅमोग्राफी नाही, जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. ताट तरी बाईच्या हातात असतं.

दुपारचा_चहा:
असतं का खरंच? कितीतरी घरांत अंडं चालत नाही, दूध नातवाला, उसळ आधी पुरुषांना, आणि बाई तळाचा रस्सा नि भात खाऊन उठते.

रानजाई:
हो, हे आमच्याकडेही असंच होतं, मी अंडी सुरू केली तेव्हा सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत. कॅन्सरचं वाक्य मागे घेते. उपासाबद्दलचा एक शब्दही मागे घेणार नाही. माझ्या जाऊबाई ५४ च्या आहेत, पाळी जाऊन सहा वर्षं, रात्री अजून घामाने उठतात, त्यांना हार्मोन घ्यायला उशीर झाला का?

भाकरी_पिठलं:
नाही झाला. साधारण साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करायचं असेल तर डॉक्टर विचार करतात. आधी कधी स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गाठ किंवा लिव्हरचा त्रास झाला असेल तर ते पहिल्यांदा सांगायला सांगा. आणि जाताना त्यांचं बीपी, शुगर, लिपिडचे (कोलेस्टेरॉलचे) रिपोर्ट बरोबर न्या.