शेकडा पाचने घेतलेले पैसे आणि खरेदीखत – मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न माझ्या काकांचा आहे, सांगोला तालुक्यातला.

2022 च्या जूनमध्ये काकांनी डाळिंबाच्या बागेसाठी गावातल्याच एकाकडून दोन लाख घेतले. शेकडा पाच, म्हणजे महिन्याला दहा हजार. वर्षाचे साठ टक्के होतात हे तेव्हा घरात कुणी मांडूनच पाहिलं नाही. तारण म्हणून एक एकराचं खरेदीखत करून दिलं. "पैसे फिटले की उलटं करून देतो" हे सगळं तोंडी. सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं, जमीन मात्र आजही काकाच कसतात.

31 महिने व्याज भरलं, एकूण 3,10,000. बाग तेल्या रोगाने गेली आणि हप्ता थांबला. आता तो म्हणतो मुद्दल तसंच आहे, आणि गेल्या आठवड्यात जमीन दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आला. काकू दोन दिवस जेवली नाही.

व्याजाला कायद्याने मर्यादा आहे ना? त्याच्याकडे सावकारीचा परवाना असल्याचं कुणी ऐकलेलं नाही. परवाना नसलेल्याला ती मर्यादा लागू होते का? आणि जमीन परत मिळते का?

प्रतिसाद १

मर्यादा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सरकारने दर ठरवले आहेत: शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला 9 टक्के, विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. हे परवानाधारकाचे दर. परवान्याशिवाय सावकारी करणं हाच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा माणसाला वसुलीसाठी कोर्टातून हुकूमनामाही (वसुलीचा निकाल) मिळत नाही.

तुमचाच हिशोब बघा. दोन लाखांवर 9 टक्क्यांनी 31 महिन्यांचं व्याज 46,500. मुद्दलासकट 2,46,500. काकांनी त्यापेक्षा 63,500 जास्त दिलेत. शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, ती दामदुपटीची मर्यादाही त्याने ओलांडली आहे.

जमिनीसाठी कलम 18 वाचा. सावकारीतून गेलेली स्थावर मालमत्ता असेल तर 15 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा निघाला तर जिल्हा उपनिबंधक खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. अर्ज तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण खरी लढाई पुराव्याची असते. समोरचा म्हणणार, "मी जमीन विकत घेतली, सावकारी कसली?" एकाच माणसाला एकदा दिलेल्या पैशाला सावकारीचा धंदा म्हणत नाहीत. म्हणून त्याच्याकडून व्याजाने घेतलेले आणखी दोघे-तिघे शोधा. लोक घाबरतात, पण एक पुढे आला की दुसरा येतो.

जमीन काकांकडेच होती हे दाखवा: पंपाचं वीजबिल, बाजार समितीतल्या डाळिंबाच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), खत दुकानाच्या पावत्या. खरेदीखतातली रक्कम आणि त्या वेळचा बाजारभाव शेजारी मांडा. व्याज फोन पे ने गेलं असेल तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. रोख दिलं असेल तर त्या-त्या तारखेला खात्यातून काढलेली रक्कम जुळते का बघा.

गिऱ्हाईक आलंय म्हणजे वेळ कमी आहे. निबंधकांच्या अर्जाच्या जोडीला वकिलामार्फत दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागा. जमीन तिसऱ्याच्या नावावर गेली की गुंता फार वाढतो. आणि काकांना सांगा, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा चेकवर आता एकही सही नको.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बारा हप्ते फोन पे वरून गेलेत, बाकी रोख. पट्ट्या काकूने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. शेजारच्या वस्तीवरचे एकजण त्याच्याचकडून घेऊन बसलेत, त्यांच्याशी आज रात्री बोलतो. सोमवारी काकांना घेऊन सांगोल्याला जातो. पंढरपूर-सांगोल्याकडे अशी प्रकरणं चालवलेले वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.