दिसायला देखणा की कामाला दणकट? इंटिरियरच्या कामासाठी लॅपटॉप, रोज लोकलने ये-जा

लॅमिनेटवाली
नमस्कार मंडळी. मी इंटिरियर डिझायनर आहे, राहते डोंबिवलीला, ऑफिस दादरला आणि साइट्स ठाणे, मुलुंड, पार्ले अशा कुठेही. जुना लॅपटॉप आता चालू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ घेतो त्यामुळे नवीन घ्यायचाय, बजेट साधारण एक लाख, फार फार तर पाच-सात हजार वर. काम म्हणजे ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग, स्केचअपमध्ये थ्रीडी मॉडेल, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा व्ही-रे मध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणं. सध्या एन्स्केप शिकतेय कारण क्लायंटला घरातून फिरवून दाखवता येतं.

दोन लॅपटॉप डोक्यात आहेत. पहिला १४ इंची, १.२ किलो, अॅल्युमिनियमची बॉडी, १६ जीबी रॅम, हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही असा, पण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुसरा गेमिंगवाला, १५.६ इंची, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, वजन २.३ किलो, वर अॅडॉप्टरची वीट वेगळी, आणि दिसायला ट्रकच्या मागच्या फळीसारखा, नुसतं हॉर्न ओके प्लीज लिहायचं बाकी आहे. आता कोणी म्हणेल दिसण्याला काय करायचंय, पण माझा धंदाच दिसण्याचा आहे हो, पार्ल्याच्या काकूंना मी सांगणार की तुमचा हॉल कसा शांत, उबदार दिसेल आणि समोर टेबलावर लाल-हिरवे दिवे पेटलेत. सांगा काय करू.

रेंडर_रखडला
ताई, मी तुमचीच चूक दोन वर्षांपूर्वी करून बसलोय म्हणून लिहितोय. मी पण आर्किटेक्ट, मी पण असाच एक सुंदर स्लिम घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. बॉक्सवर इंटेलच्या चिपचं आय७ हे नाव बघितलं आणि भुललो. नंतर कळलं की आय७ च्या पुढे जी अक्षरं असतात तीच खरी भानगड आहे. माझा निघाला आय७-१२५५यू, लिहिलेत १० कोअर (चिपमधले काम करणारे भाग) पण त्यातले मोठे फक्त २, बाकी ८ छोटे, आणि त्या यू वाल्या चिपचा मूळ खुराक, म्हणजे सतत खायची वीज, १५ वॅट. मित्राने त्याच सुमारास जाड मशीन घेतलं आय५-१२५००एच चं, ४ मोठे ८ छोटे आणि खुराक ४५ वॅटचा. म्हणजे नावाने आय५ पण माझ्या आय७ ला कोपऱ्यात घेऊन मारतो.

गंमत अशी की शोरूममध्ये हे कळतच नाही. पहिला अर्धा-एक मिनिट स्लिम मशीन पण जोरात पळतं, चिप थोडा वेळ दुप्पट-तिप्पट वीज खाते, सगळं झटपट उघडतं, आपण खूश. मग आतला तांब्याचा पाइप आणि तो चिमुकला पंखा गरम होतात, उष्णता बाहेर जायला जागाच नाही, की चिप स्वतःच पाय आखडते. ब्राउझर, एक्सेल, मेल हे सगळं दोन-चार सेकंदाचं काम असतं त्यामुळे तिथे कधी जाणवत नाही. व्ही-रे चं रेंडर सीपीयूवर, म्हणजे याच मुख्य चिपवर, लावलं की ते सगळे कोअर तासभर पिळतं, तिथे पितळ उघडं पडतं. माझ्याकडे रेंडर लावून मी जेवून येतो, भांडी घासून येतो, तरी ते ६० टक्क्यावरच असतं.

पण एक गोष्ट स्लिमच्या बाजूने सांगतो. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवणं आणि ऑटोकॅडमधलं ड्राफ्टिंग, हे मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. त्यात माझा लॅपटॉप अजिबात रडत नाही. म्हणजे दिवसाचे आठ तास तो उत्तम आहे आणि रात्रीचे दोन तास नालायक आहे. तुमचे तास मोजा आधी.

खांदेदुखी_कायमची
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. माझ्याकडे तसलाच ट्रक आहे, २.४ किलो. लोक लॅपटॉपचं वजन बघतात, बॅगेचं बघत नाहीत. तुमचा हिशोब मांडू का, २.३ अधिक अॅडॉप्टर अर्धा-पाऊण किलो म्हणजे तीनच्या आसपास, आणि स्लिम १.२ अधिक छोटा टाइप-सी चार्जर म्हणजे दीडच्या आत. दीड किलोचा फरक, तो पण डोंबिवली-दादर सकाळच्या गर्दीत, जिथे बॅग पाठीवर ठेवता येत नाही, पोटावर घ्यावी लागते. वर तुमच्याकडे लॅमिनेटचं फोल्डर असणारच, ते एकटंच दोन लॅपटॉपच्या वजनाचं असतं 😄

आणि अजून एक. गेमिंगवाले ग्राफिक्स कार्डाचा खरा जोर प्लग लावला तरच देतात, बॅटरीवर ते फार वेळ तग धरत नाहीत आणि जोर पण कमी होतो. क्लायंटच्या घरी गेल्या गेल्या "काकू प्लग कुठेय" विचारावं लागतं.

लॅमिनेटवाली
@रेंडर_रखडला दादा, भांडी घासून येतो हे वाचून हसले पण पोटात गोळा आला. तास मोजले. रेंडर आठवड्याला सहा-सात तास, बाकी सगळं ड्रॉइंग आणि मीटिंग. मग एन्स्केपचं काय? ते स्लिमवर चालेल ना?

रेंडर_रखडला
एन्स्केप पूर्ण ग्राफिक्स कार्डावर जगतं, तिथे सीपीयूची मेहरबानी चालत नाही. विंडोज लॅपटॉपला वेगळं कार्ड नसलं तर त्याचा नाद सोडा. आणि कार्डात पण नुसतं नाव बघू नका. आरटीएक्स ४०५० असो की ४०६०, लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही देऊ शकतो. पातळ बॉडी असेल तर कमी देतात. नाव तेच, अंगात बळ नाही. स्पेसिफिकेशनच्या पानावर खाली बारीक अक्षरात टीजीपी, म्हणजे कार्डाला किती वॅट मिळतात ते, लिहिलेलं असतं, ते शोधा. लिहिलेलं नसेल तर त्यामागे कारण असतं 🙂

लॅमिंग्टन_रोडचा
नमस्कार. माझं रिपेअरिंगचं काम आहे, रोज असली मशीनं उघडतो म्हणून दोन गोष्टी ज्या वर कोणी बोललं नाही.

एक, स्लिममध्ये बहुतेक वेळा रॅम बोर्डावरच सोल्डर असते. आज १६ घेतली तर मरेपर्यंत १६. गेमिंगवाल्यात बऱ्याचदा दोन स्लॉट मिळतात, पुढच्या वर्षी पैसे आले की वाढवा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं भाऊ रॅम टाकून द्या, मी मागचं कव्हर उघडून दाखवतो की कुठे टाकू सांगा. तोंड बघण्यासारखं होतं.

दोन, आणि हे इंटिरियरवाल्यांसाठी खास. तुम्ही साइटवर लॅपटॉप उघडता, तिथे पीओपीची घासाई चालू असते, प्लायवूड कापत असतात. गेमिंग मशीनचे दोन मोठे पंखे ते सगळं आत ओढतात. हिटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवर पांढरा थर बसतो, अक्षरशः लांबी (पुट्टी) भरल्यासारखा, मग तुमचं ते ४५ वॅटचं मशीन १५ वॅटवाल्यासारखं वागायला लागतं. स्लिमचा पंखा पण ओढतो पण कमी. घ्याल ते घ्या, वर्षातून एकदा उघडून साफ करा आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, आणि साइटवर मशीन प्लायच्या भुश्यावर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात.

फळबागायतदार
बिनपंख्याचं मॅकबुक एअर घ्या की, धूळच जाणार नाही आत. एम४ चिपवालं मार्च २०२५ मध्ये ९९,९०० ला आलं, १६ जीबी, सव्वा किलोच्या आत. तुमच्या बजेटमध्ये बसतं आणि काकूंना पण आवडेल.

रेंडर_रखडला
@फळबागायतदार सुंदर आहे, मान्य. स्केचअप चालेल, व्ही-रे चालेल, एन्स्केपची पण मॅकवाली आवृत्ती आहे. पण पंखा नाही म्हणजे लांब रेंडरला ते पण हळू होणार, तिथे निसर्गनियम कोणाला सोडत नाही. दुसरं म्हणजे ३डीएस मॅक्स, रेव्हिट ही आपल्या धंद्यातली सॉफ्टवेअर्स मॅकवर नाहीत. ताई उद्या दुसऱ्या ऑफिसात गेल्या आणि तिथे मॅक्स वापरत असतील तर?

घरी_डबा
माझा मार्ग वेगळा आहे, पटला तर बघा. मी एक लाखाचे दोन तुकडे केले. साठ हजारात १.४ किलोचा बरा स्लिम, ब्रँड न्यू, आणि उरलेल्यात घरी सेकंडहँड डेस्कटॉप, त्यात वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबीवालं. डबा दिसायला भयाण आहे पण टेबलाखाली असतो, त्याला कोण बघतंय. दिवसभर स्लिमवर काम, फाइल गुगल ड्राइव्हवर टाकायची, आणि लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर फोनवरून एनीडेस्कने (लांबून कॉम्प्युटर चालवायचं अॅप) घरच्या डब्याला रेंडर लावायचं. कळव्यापर्यंत नेट जातं-येतं पण लावायला दोन मिनिटंच लागतात. घरी पोचेपर्यंत इमेज तयार. लाइट गेली तर मात्र बोंब, त्यामुळे एक यूपीएस घेतलाय. त्यात आई एकदा झाडू मारताना प्लग काढून मोकळी झाली, त्यावर उपाय सापडलेला नाही.

खांदेदुखी_कायमची
@घरी_डबा हे मला कोणी तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलं.

लॅमिनेटवाली
सगळ्यांचे आभार, खरंच. एन्स्केप मला मुख्यतः काकूंसमोर दाखवायला हवंय ना, मग ते घरच्या डब्यात असून उपयोग काय? हा एकच अडथळा दिसतोय.

घरी_डबा
एन्स्केपमधून पॅनोरमा किंवा फिरण्याचा व्हिडिओ काढून ठेवता येतो. पॅनोरमाची तर लिंक पाठवता येते, काकू स्वतःच्या फोनवर हॉल फिरवून बघतात. खरं सांगू, समोर लाइव्ह फिरवलं की क्लायंट म्हणतो तो सोफा जरा डावीकडे घ्या, हा रंग बदला, आणि तासाची मीटिंग अडीच तासावर जाते. व्हिडिओत तो प्रश्न येत नाही 😄

लॅमिनेटवाली
हे पटलं. शनिवारी दुकानात जाते, माझी मुलुंडच्या २ बीएचके ची सगळ्यात जड स्केचअप फाइल पेनड्राइव्हवर नेते आणि दुकानदाराला सांगते की अर्धा तास मॉडेल फिरवू दे, मिनिटभर नाही. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. डब्यासाठी नवऱ्याशी बोलणी चालू आहेत, तो म्हणतो टेबलाखाली त्याचे डंबेल्स आहेत.